पहिला कॅमेरा घेताना

लग्नाचे फोटो काढायला सुरुवात करतोयस, तर कर्ज काढून नवी फुल-फ्रेम बॉडी (मोठ्या सेन्सरचा महाग कॅमेरा, लेन्सशिवाय) घेऊ नकोस रे. वापरलेली चांगली क्रॉप बॉडी (लहान सेन्सरची) बघ, शटर काउंट, म्हणजे तिने आजवर किती फोटो काढलेत तो आकडा, तपास आणि सोबत ५० एमएम एफ १.८ ही जास्त उजेड आत घेणारी लेन्स घे. मंगल कार्यालयातल्या पिवळ्या, अपुऱ्या उजेडात तीच तारते. कॅमेऱ्यासोबत येणारी किटची १८-५५ लेन्स मात्र विकू नकोस, स्टेजवरच्या वीस जणांच्या ग्रुपला तीच लागते.

बॅटऱ्या दोन, मेमरी कार्डं चार. इथे काटकसर नको. माझं एकदा हळदीचं कार्ड करप्ट झालं होतं. नवरीच्या आईपुढे उभं राहताना पाय थरथरत होते, अजून आठवतं. घरी आलं की आधी दोन ठिकाणी कॉपी, मग जेवण.

सरावाला सोलापूरला संक्रांतीच्या गड्डा यात्रेत ये. नंदीध्वज (मिरवणुकीतल्या उंच मानाच्या काठ्या) पेलणाऱ्यांची पांढरी बाराबंदी, म्हणजे बंदांचा अंगरखा, गर्दीच्या गडद पार्श्वभूमीवर उन्हात फोटोत पार पांढरीफटक होते, घडीसुद्धा दिसत नाही. एक्स्पोजर एक स्टॉप खाली घे, म्हणजे उजेड निम्मा कर, आणि रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढ. ते जमलं की लग्नातले पांढरे सदरे काहीच नाहीत.

आणि तारीख धरताना आगाऊ रक्कम घेच, अगदी मामाकडूनही. फोटो किती, अल्बम किती पानी, कधी देणार, सगळं कागदावर लिहून सही घे.