लॅपटॉपला जोडलेल्या 7 इंची मॉनिटरवर अक्षरं पुसट दिसतात आणि रिझोल्यूशनच्या (आडव्या-उभ्या ठिपक्यांच्या संख्येच्या) यादीत 1024×600 सापडत नाही, काय करावं?

आधी विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून 'डुप्लिकेट'ऐवजी 'एक्स्टेंड' निवडा. बहुतेकदा गाठ इथेच असते. डुप्लिकेटमध्ये दोन्ही पडद्यांना एकच रिझोल्यूशन चालवावं लागतं, त्यामुळे लॅपटॉपचं 1920×1080 चित्र तुमच्या छोट्या पॅनलमध्ये कोंबलं जातं. पॅनलचे खरे ठिपके 1024×600 च असतील, तर अक्षरं पुसट होणारच.

तरीही पर्याय दिसला नाही तर डिस्प्ले सेटिंग्जमध्ये दुसरा पडदा निवडून 'अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले'मध्ये जा. तिथल्या अ‍ॅडॉप्टर प्रॉपर्टीजमध्ये 'लिस्ट ऑल मोड्स' आहे, त्यात नेहमीच्या यादीत नसलेले मोडही (रिझोल्यूशनचे पर्याय) सापडतात. स्केल 100 टक्के ठेवा.

मध्ये व्हीजीएचा (जुन्या प्रकारच्या व्हिडिओ जोडणीचा) कन्व्हर्टर असेल तर तो काढून थेट एचडीएमआय केबल लावून बघाच. मॉनिटर स्वतःची माहिती (ईडीआयडी) केबलमधून संगणकाला कळवतो. ती पोचली नाही की विंडोज अंदाजाने 1024×768 वगैरे लावतं.

जाहिरातीतल्या 'फुल एचडी सपोर्ट'वर मात्र विसंबू नका. त्याचा अर्थ अनेकदा एवढाच, की मॉनिटर तो सिग्नल स्वीकारतो. विकत घेताना 'नेटिव्ह रिझोल्यूशन' (पॅनलचे खरे ठिपके) किती लिहिलंय तेच पाहावं.