उंदराच्या यकृतातून काढलेल्या निम्म्याहून जास्त पेशी मेलेल्या का निघतात?

तुम्ही रत्नागिरीहून विचारलंय: कोकमाच्या सालीचा अर्क उंदराच्या यकृतपेशींवर तपासायचा आहे, प्रोटोकॉल तंतोतंत पाळता, तरी ट्रिपॅन ब्लू (फक्त मेलेल्या पेशींत शिरणारा निळा रंग) घातल्यावर निम्म्याहून जास्त पेशी निळ्या दिसतात, सेंट्रिफ्यूजचा वेग बदलूनही फरक पडला नाही.

तो पडणारही नाही. पेशी जगणार की मरणार, हे यकृतातून द्रव फिरत असतानाच ठरतं. मी हे काम बरीच वर्षं करते आहे, त्यातली काही कोकणातच. म्हणून आधी परफ्यूजनकडे, म्हणजे यकृताच्या शिरांतून द्रव फिरवण्याच्या पायरीकडे बघा.

भूल दिलेल्या उंदराच्या पोर्टल व्हेनमध्ये (आतड्यांकडून यकृतात येणारी शीर) किंवा इन्फिरिअर व्हेना केव्हामध्ये (यकृतामागून हृदयाकडे जाणारी मोठी शीर) कॅन्युला, म्हणजे बारीक नळी, घातला की पहिला द्रव कॅल्शियम नसलेला, ईजीटीए (कॅल्शियम बांधून घेणारं रसायन) घातलेला. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे सांधे कॅल्शियमवर टिकतात, ते इथे सैल होतात. द्रव सुरू होताच बाहेर जाणारी शीर कापायची. तांबडं यकृत काही सेकंदांत सगळीकडे सारखं फिकट पडलं पाहिजे. एखादा लोब (यकृताचा भाग) लालच राहिला तर तिथे हवेचा बुडबुडा अडकलाय किंवा कॅन्युला फार आत गेलाय. त्या लोबपर्यंत पुढच्या द्रवातलं एन्झाइम पोचणारच नाही, तेव्हा तो नंतर सरळ बाजूला काढा.

दुसरा द्रव कोलॅजनेजचा, म्हणजे पेशींभोवतीचं कोलॅजन पचवणाऱ्या एन्झाइमचा, आणि यात कॅल्शियम हवंच, कारण त्याच्याशिवाय हे एन्झाइम काम करत नाही. पहिल्या द्रवातला ईजीटीए नळीत रेंगाळला तर तो हे कॅल्शियमही ओढून घेतो. मग पचन रखडतं, आपण वेळ वाढवत जातो आणि पेशी मरतात. तापमानाचंही तसंच. वॉटर बाथ 37 अंश दाखवतो, पण एसीच्या खोलीत लांब नळीतून जाताना द्रव चांगलाच निवतो. थर्मामीटर कॅन्युलाच्या टोकाशी धरून बघा, आणि गरज पडली तर बाथ 40-42 वर ठेवा. थांबायचं कधी, हे घड्याळावर सोडू नका. कापसाच्या काडीने यकृत हलकेच दाबा. खळगा भरून न येता तसाच राहिला की तिथेच थांबा.

आता कोकणातली खास गोष्ट, आणि मला सगळ्यात जास्त संशय हिचाच आहे. कोलॅजनेजची पूड ओलावा शोषते. फ्रीजरमधून काढलेली बाटली पावसाळी हवेत लगेच उघडलीत तर आत दव धरतं आणि एन्झाइमचा जोर दर खेपेला कमी होत जातो. बाटली बंद ठेवूनच खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडा. शक्यतो पहिल्याच दिवशी छोटे भाग करून ठेवा. लॉट (कारखान्यातली खेप) बदलला की मात्रा नव्याने ठरवावी लागते, कारण दोन लॉट सारखे नसतात.

पुढचं सोपं आहे. पित्ताशय न फोडता काढून टाका, यकृताचं आवरण थंड मीडियममध्ये (पेशी वाढवण्याच्या द्रवात) फाडून पेशी हलवून मोकळ्या करा, 70 किंवा 100 मायक्रॉनच्या जाळीतून गाळा आणि 50 जीवर (गुरुत्वाकर्षणाच्या 50 पट) दोन-तीन मिनिटं सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा. हेपॅटोसाइट, म्हणजे मुख्य यकृतपेशी, जड असल्याने खाली बसतात. कुप्फर (यकृतातल्या संरक्षक पेशी) वगैरे लहान पेशी वरच्या द्रवात राहतात. व्होर्टेक्स (नळी जोरात घुसळणारं यंत्र) नको, पिपेटची बारीक टिप नको. मेलेल्या पेशी परकॉलने (घनतेनुसार पेशी वेगळ्या करणारा द्रव) वेगळ्या करता येतात, पण पचनच बिघडलं असेल तर परकॉल तरी काय करणार.

कोलॅजन लावलेल्या प्लेटमध्ये तीन-चार तासांत पेशी चिकटतात. न चिकटलेल्या धुऊन टाका. दुसऱ्या दिवशी बहुकोनी, बऱ्याचशा दोन केंद्रकांच्या पेशी दिसल्या तर काम जमलं. मात्र साध्या प्लेटमध्ये सायटोक्रोम पी450 (औषधं व इतर रसायनं बदलणारी) एन्झाइमं पहिल्या एक-दोन दिवसांतच झपाट्याने घटतात, त्यामुळे अर्काचा प्रयोग लांबवू नका. एका यकृतातून कोट्यवधी पेशी मिळतात. संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची परवानगी घेताना एका उंदरात किती प्रयोग बसतील हे आधीच आखा. एकही जीव फुकट जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

आणि कोकमाबद्दल: अर्क आंबट असतो, तेव्हा मीडियमचा पीएच 7.4 वर आणल्याशिवाय तो पेशींवर घालू नका. शिवाय त्यातली अँटिऑक्सिडंट द्रव्यं पेशी नसतानाही एमटीटीचा (जिवंत पेशी मोजण्याची रंगचाचणी) जांभळा रंग आणू शकतात. प्रत्येक मात्रेसाठी फक्त अर्क आणि मीडियम, पेशी नाहीत, अशा विहिरी (प्लेटमधले खळगे) ठेवा आणि त्यांचं वाचन वजा करा.