सील पाण्याखाली इतका वेळ श्वास न घेता कसा राहतो?
मला सगळ्यात भारी वाटतं ते हे की खरे सील डुबकी मारताना छाती भरून श्वास घेत नाहीत, उलट हवा सोडून देतात! खोलवर फुप्फुसं दाबली जातात, तिथे जास्त हवा असली तर नायट्रोजन रक्तात मिसळायचा धोका. ऑक्सिजनचा साठा असतो रक्तात आणि स्नायूंमध्ये, स्नायूंत मायोग्लोबिन (ऑक्सिजन धरून ठेवणारं प्रथिन) इतकं ठासून भरलेलं की मांस जवळजवळ काळंच दिसतं. शिवाय हृदयाचे ठोके एकदम मंदावतात, कातडी आणि वल्ह्यांसारख्या हातापायांकडचा रक्तपुरवठा आखडून मेंदूला आधी. अंटार्क्टिकातला वेडेल सील तासभरसुद्धा खाली राहू शकतो, एलिफंट सील तर दीड किलोमीटरच्याही खाली जातो. सीलचाच नातलग असलेल्या सी लायनच्या डुबक्या सहसा काही मिनिटांच्याच, आणि तो ओळखायचा असेल तर कानाची छोटी पाळी बघा, खऱ्या सीलला ती नसते.