पद्मासनाची घाई आणि गुडघ्यांची तक्रार

योगशिक्षक प्रशिक्षणाला प्रवेश घेतलेल्या वाचकांच्या पत्रांत एकच गोंधळ पुन्हा पुन्हा दिसतो: प्राथमिक आसन 'जमले' असे केव्हा म्हणायचे? त्यांतल्या काही प्रश्नांची ही उत्तरे.

प्रश्न : जेवणानंतर किती वेळाने आसने करावीत?

उत्तर : पोटभर जेवणानंतर तीन ते चार तासांनी, इन्शुलिन घेणाऱ्यांनी मात्र ही वेळ आधी आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावी.

प्रश्न : आमच्या वर्गात पहिला आठवडा बराचसा ताडासनातच गेला. हा वेळेचा अपव्यय नाही का?

उत्तर : नाही. टाच, अंगठ्याचे मूळ आणि करंगळीचे मूळ यांवर आपला भार कसा पडतो, हे ज्याला उभ्या उभ्या कळत नाही, त्याला त्रिकोणासनात जमिनीला हात टेकवण्याच्या नादात विद्यार्थ्याचा पुढचा गुडघा आत वळला आहे, हेही दिसणार नाही.

प्रश्न : पद्मासनात माझ्या उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला कळ येते. प्रशिक्षक म्हणतात, "दुखतंय म्हणजे सांधा मोकळा होतोय." परीक्षा तीन आठवड्यांवर आहे. सराव चालू ठेवू का?

उत्तर : आजपासून बंद करा. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम ही योगसंस्था स्थापन करून तिथल्या प्रयोगशाळेत योगक्रिया तपासल्या. त्याच महाराष्ट्रात अशी ऐकीव वाक्ये आजही शिकवणी म्हणून खपतात, याची मला चीड येते. गुडघा मुख्यतः दुमडतो आणि सरळ होतो. फिरण्याची मुभा त्याला फारच थोडी असते. पद्मासनात मांडी बाहेर वळते ती खुब्याच्या सांध्यात. खुबा तेवढा वळत नसताना पाऊल हाताने ओढून विरुद्ध मांडीवर ठेवले, तर उरलेला पीळ गुडघ्यावर येतो आणि आतली कूर्चेची गादी चिमटली जाऊ शकते. मांडीच्या स्नायूत जाणवणारा ताण वेगळा आणि सांध्यात उठणारी बोचरी कळ वेगळी; हा फरक शिक्षकाला ओळखता आलाच पाहिजे. शिवाय खुब्याच्या खोबणीची खोली आणि मांडीच्या हाडाचा कोन प्रत्येकाचा निराळा असल्याने काहींना पद्मासन आयुष्यभर जमत नाही, आणि त्यात त्यांच्या साधनेची काहीच उणीव नसते.

घरी एवढे पाहा : खुर्चीवर ताठ बसून उजवा घोटा डाव्या मांडीवर ठेवा. गुडघा उंचच राहत असेल, तर सध्या सतरंजीच्या जाड घडीवर सुखासन हीच तुमची बैठक. ठेवतानाच कळ आली, तर हे पाहणेही सोडून द्या. गुडघ्याला सूज असेल, तो मध्येच अडकत किंवा दगा देत असेल, तर तेल चोळत बसू नका. याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. परीक्षकांना वैद्यकीय कारण आधी लेखी कळवा. परीक्षा पुन्हा देता येते.

प्रश्न : '२०० तास, २१ दिवस, आंतरराष्ट्रीय मान्यता' अशी जाहिरात पाहिली. प्रवेश घ्यावा का?

उत्तर : भागाकार करून पाहा : एकही सुटी न घेता रोज साडेनऊ तास. एवढ्यात आसनांची नावे पाठ होतील. थकलेल्या शरीराने शंभरावे चतुरंग दंडासन (कोपरे दुमडून हात-पायांच्या आधाराने शरीर जमिनीला समांतर तोलायचे आसन) करताना खांदे मात्र दुखावतील. जिचे नाव या जाहिरातींत बहुधा झळकते, ती योग अलायन्स ही अमेरिकेतील नोंदणी करणारी संस्था आहे. तिची नोंदणी म्हणजे सरकारी परवाना नव्हे. आपल्याकडे आयुष मंत्रालयाच्या अखत्यारीतील योग सर्टिफिकेशन बोर्ड परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देते. पैसे भरण्यापूर्वी शिकवणार कोण आणि एका शिक्षकामागे विद्यार्थी किती, हे लेखी मागा, आणि जमल्यास तिथे शिकून गेलेल्या एखाद्याशी बोला.

प्रश्न : रक्तदाबाची गोळी चालू आहे. शीर्षासन शिकावे का?

उत्तर : डॉक्टरांच्या स्पष्ट परवानगीशिवाय नाही. काचबिंदू असणाऱ्यांनी तर अधोमुख श्वानासनाबद्दलही नेत्रतज्ज्ञांना विचारावे, कारण डोके खाली गेले की डोळ्यांतील दाब वाढतो.

प्रश्न : कोणती मॅट घ्यावी?

उत्तर : जिच्यावर पाय घसरत नाही ती. 'अचूक आसनस्थिती'साठी रेषा आखलेल्या महागड्या मॅटवर पैसे घालवू नका. त्या रेषा तुमच्या पायांच्या लांबीवरून आखलेल्या नसतात.