साडेसातची एसटी आणि पोटात गोळा

*मावशी, मी २४ वर्षांची, देवगड तालुक्यात तळेबाजारच्या आत आमचं गाव, कणकवलीला पतसंस्थेत नोकरीला आहे. दोन वर्षांपूर्वी गणपतीत घरात सगळ्यांनाच जुलाब झाले, बाकीचे चार दिवसांत उठले, माझं पोट मात्र तेव्हापासून जाग्यावर आलेलंच नाही. सकाळी साडेसातची गाडी असते, निघायच्या आधी तीन-तीनदा संडासला जाऊन येते तरी शिरगाव आलं की मुरडा, घाम, छातीत धडधड. एकदा मधेच उतरून अनोळखी घराचं दार वाजवलं, त्या काकींनी एक शब्द विचारला नाही पण आठवलं की अजून रडू येतं. आता दुपारपर्यंत काही खातच नाही. वजन पाच किलो उतरलंय. सोनोग्राफी नॉर्मल आली, डॉक्टर म्हणाले टेन्शन घेऊ नको. आजी म्हणते दिष्ट लागली, आई म्हणते लग्न झालं की होईल बरं. पुढच्या महिन्यात ठाण्याचा मुलगा बघायला येतोय. खरं सांग, हा आजार पोटाचा आहे का माझ्या डोक्याचा? आणि त्यांना सांगायचं का?*

अगं पोरी, आधी त्या दार वाजवलेल्या घराचं बोलू, कारण पत्रात सगळ्यात जास्त लाज तिथेच दिसतेय. वाटेवर बाईमाणसाला जाण्यासारखी जागा किती आहेत सांग बघू. पुरुष गाडी थांबवून करवंदीच्या जाळीमागे जातो, त्याला कोणी काही म्हणत नाही, आपण काय करायचं? तर तू जे केलंस ते अगदी बरोबर केलंस, आणि त्या काकींनी काही विचारलं नाही कारण त्यांना विचारायची गरजच नव्हती, आपल्याकडच्या प्रत्येक बाईला ते माहीत असतं. तेव्हा गाडीत बसायची तुझी भीती हा वेडेपणा नाही, तिला खरं कारण आहे. फक्त ती आता कारणापेक्षा मोठी झालीय.

पोटाचा का डोक्याचा, तर दोन्हीचा, आणि हे मी तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये. आतड्याच्या भिंतीत मज्जातंतूंचं स्वतःचं जाळं असतं, आणि ते मेंदूशी सतत बोलत असतं, दोन्ही बाजूंनी. जोराचे जुलाब होऊन गेले की साधारण दहातल्या एका माणसाचं हे जाळं नंतरही हळवं राहतं, जंतू गेलेले असतात पण आतडं घाईने चालत राहतं आणि साधा गॅस भरला तरी दुखतं. तुझी गोष्ट गणपतीतल्या जुलाबांपासून सुरू होते ना, म्हणून मला हेच वाटतंय. डॉक्टर याला आयबीएस म्हणतात. तीन महिने तरी आठवड्यातून निदान एक दिवस पोटात दुखणं, आणि ते संडासला जाण्याशी किंवा संडासच्या बदललेल्या सवयीशी जोडलेलं, असं असलं की ते याचा विचार करतात. आता यात भीती येऊन बसली की मेंदू आतड्याला आणखी पळवतो, आतडं पळालं की मुरडा येतो, मुरडा आला की तू आणखी घाबरतेस, नांदगाव तिठ्यापर्यंत हे चक्र चालूच. सोनोग्राफीत पित्ताशयातला खडा दिसेल, लिव्हर दिसेल, पण आतडं किती हळवं झालंय ते दिसणार नाही. म्हणजे रिपोर्ट नॉर्मल असणं आणि तुला खरोखर त्रास होणं, ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. टेन्शन घेऊ नको म्हणणाऱ्याने ते कसं घेऊ नको हे पण सांगायला पाहिजे होतं, जाऊदे.

पण थांब, मी डॉक्टर नाही आणि तुझं पाच किलो वजन उतरलंय. तू म्हणशील खात नाही म्हणून उतरलं, असेल तसंच, तरी ते मी सोडून देणार नाही. परत डॉक्टरकडे जा, शक्यतो पोटाच्या, नाहीतर चांगल्या एमडीकडे, आणि हे स्पष्ट सांग की वजन उतरलंय. रात्री झोपेतून पोटदुखीने किंवा संडासला उठावं लागतं का, संडासातून रक्त जातं का, ताप येतो का, घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर किंवा आतड्याला सूज येण्याचा आजार होता का, हे ते विचारतील, त्यांनी नाही विचारलं तर तू सांग, लाजू नकोस. हिमोग्लोबिन, थायरॉइड, गव्हाच्या ॲलर्जीसारखा जो सीलिॲक नावाचा आजार असतो त्याची रक्ततपासणी, आणि संडासची तपासणी, त्यात आतड्याला सूज आहे का ते कळतं, एवढं साधारण करतात. हे एकदा नीट झालं आणि काही निघालं नाही की मग रात्री मोबाईलवर पोटाचे कॅन्सर वाचत बसणं बंद. (तू लिहिलं नाहीस, पण वाचतेस, मला माहितेय.) आणि मेडिकलवरून कोणी दिल्या म्हणून जुलाबाच्या अँटिबायोटिक गोळ्या परत परत घेऊ नकोस, आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि त्रास वाढू शकतो.

आता मला जे खरं सांगायचंय ते. तू दुपारपर्यंत उपाशी राहतेस ना, ते आधी बंद कर. तुला वाटतं पोटात काही नसलं की काही होणार नाही, पण उपाशी पोटी चहा ढोसून गाडीत बसलीस की आतडं आणखी चिडतं आणि दुपारी भुकेने एकदम ताटभर जेवलीस की तेव्हा पण मुरडा येतो. खाल्लं की आतडं हलतं, सकाळी तर जास्तच हलतं, ही शरीराची रीतच आहे, तिचा फायदा घे. एक तास आधी उठ, उकड्या तांदळाची पेज वाटीभर, वाटलं तर सुक्या मासळीचं किसमूर नाहीतर नुसतं मीठ, लोणच्याची फोड नको, दहा मिनिटं शांत बस, मग संडासला जा, एकदाच, बसायला वेळ देऊन. आणि मग निघ. तीन-तीनदा जातेस तेव्हा दुसऱ्या तिसऱ्या वेळी खरं काही होत नाही, तू फक्त खात्री करत असतेस, आणि अशा खात्रीने मनाचं कधी भरत नाही, ते चौथ्यांदा मागतं.

खाण्यात तुझं नशीब बरं आहे. भात, मासे, अंडं ह्या पोटाला बहुतेक वेळा चालतात. त्रास देतात ते कांदा, लसूण, गहू, राजमा-वाटाण्यासारखी कडधान्यं, दूध, काजू, आणि आंबा म्हणशील तर हो, जास्त झाला की तो पण. देवगडात राहून आंब्याचं पथ्य सांगणं म्हणजे पापच आहे, म्हणून बंद कर म्हणत नाही, एकावेळी अर्धा खा आणि बघ. फणसाचे गरे आणि काळ्या वाटाण्याचं सांबार मात्र गाडीच्या आदल्या रात्री नको. हे सगळं एकदम सोडू नकोस हां, यादी बघून पोरी उपाशी मरतात आणि तुझं वजन आधीच उतरलंय. आधी दोन आठवडे दुधाचा चहा सोडून बघ, फरक नाही पडला तर परत सुरू कर आणि मग दुसरं काहीतरी. ती कडक यादीवाली पद्धत असते ना, चार-सहा आठवडे सोडायचं आणि मग एकेक परत आणायचं, ती आहारतज्ज्ञाला विचारूनच करायची असते. इसबगोल काहींना चांगलं लागू पडतं, पण अर्ध्या चमच्यापासून सुरू कर आणि भरपूर पाण्यासोबत, पहिले काही दिवस पोट जरा फुगेल. पाळीच्या दिवसांत त्रास वाढतो तो पण याच्यातलाच, त्याने घाबरू नकोस.

गाडीचं काय करायचं तर ती सोडायची नाही. मैत्रिणीच्या स्कूटीवर, मग कोणाच्या रिक्षात, मग सुट्टीच, मग नोकरीच नको, असं ते वाढत जातं, मी बघितलंय आजूबाजूला. उलट रविवारी, कामाची घाई नसताना, पेज खाऊन फक्त शिरगावपर्यंत जा आणि परत ये. भीती येईल, छाती धडधडेल, आणि तू काही न करता बसून राहिलीस तर ती थोड्या वेळाने आपली आपण उतरते, हे तुझ्या अंगाला कळू दे, मी सांगून नाही कळणार. मग नांदगावपर्यंत. मग साडेसातचीच. बसल्यावर पोटावर हात ठेवून श्वास हळू सोड, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ, मिनिटाला सहाएक श्वास. दाराजवळची सीट धर, आणि रोजच्या कंडक्टरला एकदा सांगून ठेव, कधी थांबवावं लागलं तर थांबवाल का म्हणून. आपल्याकडचे कंडक्टर गावातल्या म्हाताऱ्यांचे औषधाचे पुडे पण पोचवतात, तुझ्यासाठी दोन मिनिटं थांबणार नाहीत होय? बॅगेत जादा कपडे, ओले टिश्यू असू देत. काही जण म्हणतील असं सामान जवळ ठेवलं की भीती जात नाही, मी म्हणते असू दे गं, एक दिवस तूच विसरशील न्यायला.

एवढं करून दोन-तीन महिन्यांत फरक नाही पडला तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. आता आपल्याकडे रत्नागिरीला पाठवा म्हटलं की सगळे हसतात, तिथे मनोरुग्णालय आहे ना, त्या हसण्यापायी किती लोकांनी नुसतं सोसलंय त्याची गणती नाही. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात विचार, किंवा १४४१६ ला फोन कर, टेलिमानस म्हणून सरकारची हेल्पलाइन आहे, २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट आणि मराठीत बोलतात. भीतीवर बोलून उपचार करतात ती सीबीटी आयबीएसला पण लागू पडते. आणि कधी डॉक्टरने अगदी थोड्या डोसमध्ये डिप्रेशनवरची गोळी दिली तर ती वेड्याची गोळी म्हणून आईने फेकून द्यायची नाही. ॲमिट्रिप्टिलिन नावाची जुनी गोळी आहे, रात्री घ्यायची, आतड्याच्या नसा शांत होतात, घाई कमी होते. इंग्लंडात साध्या दवाखान्यातल्या आयबीएसच्या पेशंटवर मोठी चाचणी झाली, २०२३ मध्ये तिचा निकाल आला, त्यात ती उपयोगी ठरली. झोप येते, तोंड सुकतं, म्हणून डॉक्टरशिवाय घ्यायची नाही, बस.

आजीला दिष्ट काढू दे. "चेडवाक दिष्ट लागली हा" म्हणत ती मीठ-मोहरी ओवाळते तेव्हा तिची माया असते त्यात, तुझं काही जात नाही, फक्त त्या नादात डॉक्टरची तारीख चुकवू नकोस. आईचं मात्र मला पटत नाही. लग्नाने पोट बरं होत नाही. नवीन घर, एक संडास आणि बाहेर सहा माणसं, पहिला गणपती, उलट पहिले सहा महिने जास्तच त्रास होईल, हे आधीच माहीत असलेलं बरं.

म्हणून मुलाला सांग. बघायला आल्यावर सगळ्यांसमोर नाही, आणि आईच्या तोंडून तर अजिबात नाही, ती एकतर लपवेल नाहीतर कॅन्सर झाल्यासारखं सांगेल. दोघांना बोलायला पाठवतील, नाहीतर नंतर फोनवर, तेव्हा साधं सांग, मला आयबीएस आहे, उपचार चालू आहेत, जिवाला धोका नाही, पण प्रवासात कधी गाडी थांबवावी लागते आणि कधी ठरलेलं जेवण सोडावं लागतं. (आधी डॉक्टरने निदान करू दे, मगच हे नाव घे.) एवढंच, रडून माफी मागितल्यासारखं नको. तो काय म्हणतो ते बघ. तो म्हणाला माझ्या आईला पण असंच होतं, तर चांगलं. तो म्हणाला टेन्शन घेऊ नको, तर आणखी दोनदा भेट मग ठरव. आणि तो नाक मुरडून गप्प झाला तर ठाण्याची गाडी ठाण्याला जाऊ दे, देवगडात मुलांचा दुष्काळ पडलेला नाही.

त्या दिवशी तू पण सगळ्यांबरोबर खा, उपाशी राहून ट्रे घेऊन फिरायचं नाही. आईला फक्त एवढंच सांग, पोह्यात कांदा बेताचा घाल, खोबरं हवं तेवढं.

तुझी मावशी