सात वर्षं झाली म्हणून माणूस आपोआप मयत ठरत नाही, ताई

ताई, आधी तुमची केस थोडक्यात मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. मिस्टर जून २०१८ मध्ये कांदिवलीच्या घरून सकाळी ऑफिसला म्हणून निघाले, बोरिवली स्टेशनच्या सीसीटीव्हीत शेवटचे दिसले, फोन बंद, तेव्हापासून काही पत्ता नाही. मिसिंगची तक्रार तुम्ही दुसऱ्याच दिवशी केलीत. फ्लॅट त्यांच्या एकट्याच्या नावावर, सोसायटीत नॉमिनी सासूबाई, बँकेला डेथ सर्टिफिकेट हवंय, एलआयसीचे हप्ते तुम्ही २०२० मध्ये परवडेनात म्हणून थांबवले. दीर म्हणतात सात वर्षं झाली, आता हक्कसोड पत्रावर सही कर. मुलगी १९ वर्षांची. एक एजंट चाळीस हजारांत वॉर्ड ऑफिसमधून दाखला आणून देतो म्हणतोय, आणि २०२२ च्या आषाढीला पंढरपुरात ते दिसले असं एका चुलत सासऱ्यांचं म्हणणं आहे. शेवटी तुम्ही विचारलंय, कोर्टात गेले तर "ते गेले" असं मला शपथेवर सांगावं लागेल का, कारण मी अजून मंगळसूत्र काढलेलं नाही.

नाही, सांगावं लागत नाही. तुम्ही शपथेवर एवढंच सांगायचं की त्यांच्याबद्दल सात वर्षांत मला काहीही खबर मिळालेली नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १११, म्हणजे जुन्या एव्हिडन्स अ‍ॅक्टचं १०८, असं सांगतं की माणूस जिवंत असता तर ज्यांना साहजिकच त्याची खबर लागली असती अशा लोकांना सात वर्षं काहीच कळलेलं नसेल, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर जाते. बस, बाकी तुमच्या मनात काय आहे ते कोर्ट विचारत नाही. पानिपतानंतर भाऊसाहेब गेले हे पार्वतीबाईंनी मानलं नाही, कुंकू ठेवलं, आणि त्याच अनिश्चिततेवर पुढे तोतया उभा राहिला. पार्वतीबाईंना आजच्या कोर्टात उभं केलं असतं तर "मला खबर नाही" एवढं त्यांनाही सांगता आलं असतं, आणि कायद्याला तेवढं पुरलं असतं. मंगळसूत्र घालूनच साक्षीला या.

पण दीर जे म्हणतात की सात वर्षं झाली म्हणजे झालं, ते चुकीचं आहे. सात वर्षं भरली म्हणून कुठल्या रजिस्टरात आपोआप काही नोंद पडत नाही, हे गृहीतक कोर्टापुढे प्रश्न आला तरच वापरता येतं. आणि त्याने फक्त "आज मयत समजा" एवढंच ठरतं, कधी मयत ते ठरत नाही. सुप्रीम कोर्टाने २००४ मध्ये एलआयसी विरुद्ध अनुराधा या केसमध्ये हेच सांगितलं, बेपत्ता झाला तोच दिवस मृत्यूचा धरता येत नाही आणि तोपर्यंत पॉलिसी चालू ठेवायला हप्ते भरायलाच हवेत. त्यामुळे पूर्ण विम्याची आशा धरू नका, वाईट वाटतं सांगायला पण खोटा धीर देऊन उपयोग नाही. पेड-अप व्हॅल्यू, म्हणजे आतापर्यंत भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात कमी झालेली विम्याची रक्कम, मिळू शकते, म्हणून आजच शाखेत लेखी अर्ज देऊन पॉलिसीचं स्टेटस मागवा. हे वाचणाऱ्या आणखी कुणाच्या घरात असा प्रकार झाला असेल तर जमेल तसे हप्ते भरत राहा, ही गोष्ट बायकांना कुणी सांगतच नाही.

आता पोलिसांचे कागद, कारण तुमची केस याच्यावर उभी राहणार. प्रौढ माणूस हरवला की एफआयआर होत नाही, मनुष्य मिसिंग रजिस्टरला नोंद होते. त्या नोंदीची सर्टिफाइड कॉपी, तुमचा तेव्हाचा जबाब, काय काय तपास केला त्याचे कागद आणि शेवटी "शोध घेतला, मिळून आले नाहीत" असा लेखी अहवाल, हे सगळं मागा. अर्ज द्या, पोच घ्या, दिलं नाही तर आरटीआय टाका. तुम्ही लिहिलंय की तिथले साहेब दर वेळी "बघतो" म्हणतात, तर तोंडी बोलणं आता बंद, सगळं कागदावर.

आणि एक गोष्ट मुंबईची खास. बोरिवलीला दिसले म्हणजे रेल्वे लाईन आली, आणि ट्रॅकवर सापडलेल्या बेवारस मृतदेहांची नोंद लोहमार्ग पोलिसांकडे असते, तुमच्या पोलीस स्टेशनकडे नाही, दोघांच्या फाइली एकमेकांना भेटतीलच असं नाही. जून २०१८ आणि पुढच्या काही महिन्यांचे बेवारस मृतदेहांचे फोटो आणि कपड्यांची वर्णनं बोरिवली आणि वसई रोडच्या लोहमार्ग पोलिसांकडे बघायला मिळावीत असा अर्ज करा. बघणं सोपं नाही, भावाला किंवा मैत्रिणीला सोबत न्या. जुळतंय असं वाटलं तर मुलीच्या किंवा सासूबाईंच्या रक्तावरून डीएनए तपासणीची मागणी करता येते. काहीच सापडलं नाही तरी आपण शोधलं हे रेकॉर्डवर येतं, उलटतपासणीत त्याचा फार उपयोग होतो.

पंढरपूरचं प्रकरण लपवू नका!! मला माहितीये की कुणीतरी तुम्हाला सांगेल त्याचा उल्लेखच करू नका, पण मग दीर तेच हत्यार वापरतील, चुलत सासऱ्यांना साक्षीला आणतील आणि तुम्ही कोर्टापासून माहिती दडवली असं चित्र उभं राहील. नुसतं "गर्दीत लांबून दिसल्यासारखा वाटला" याला कोर्ट खबर मानेलच असं नाही, पण खबर मानली तर तुमची सात वर्षं २०२२ पासून मोजायला लागतील. तेव्हा तुम्ही पंढरपूरला गेला होतात, मठांमधून चौकशी केलीत, पोलिसांना कळवलंत असं लिहिलंय ना, मग ते तारखेसकट दाव्यात घाला, अर्जाची पोच असेल तर सोन्याहून पिवळं.

दावा दिंडोशीच्या सिटी सिव्हिल कोर्टात, डिक्लरेशनचा, म्हणजे कोर्टाने तसं जाहीर करावं यासाठीचा. नुसतं "मयत जाहीर करा" एवढंच मागू नका, बँक, एलआयसी, सोसायटी आणि महापालिका यांना पार्टी करून प्रत्येकाकडून काय हवं ते मागा, आणि महापालिकेने मृत्यूची नोंद करून दाखला द्यावा असा आदेश मागाच, नाहीतर डिक्री, म्हणजे कोर्टाचा हुकूमनामा, घेऊन वॉर्ड ऑफिसात गेलात की तिथे नव्याने सुरुवात. ब्रिटनमध्ये लॉर्ड ल्युकन नावाचा उमराव १९७४ ला गायब झाला, इस्टेटीचं प्रोबेट, म्हणजे ती वाटायची कोर्टाची मंजुरी, १९९९ ला झालं आणि मृत्यूचा दाखला मुलाला २०१६ ला मिळाला, म्हणजे एका कामापुरता मेला आणि दुसऱ्यासाठी अजून सतरा वर्षं नाही. सरकारला पार्टी करायचं तर आधी दोन महिन्यांची नोटीस लागते, महापालिकेला एक महिन्याची, ती आत्ताच पाठवून ठेवा. "बघू अजून दोन-तीन वर्षं" असं करू नका, डिक्लरेशनच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते आणि समोरचा वकील तो मुद्दा काढतोच. पैशांची काळजी असेल तर महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात विचारा.

एजंटला सरळ हाकला. तो दाखला बनावट ठरला की एजंट फोन उचलणार नाही आणि आरोपी तुम्ही.

फ्लॅटचं ऐका. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, नॉमिनी वारसांच्या वतीने सांभाळणारा. हिंदू वारसा कायद्याने पहिल्या वर्गातले वारस तुम्ही, मुलगी आणि सासूबाई, तिघींना सारखा एक-तृतीयांश. तुम्ही तिघी असेपर्यंत दिरांचा त्यात काही हिस्सा नाही, म्हणूनच तर त्यांना हक्कसोड पत्राची घाई आहे. सही करायची नाही, "वकिलांना विचारून सांगते" एवढंच म्हणा. मेंटेनन्स तुमच्या खात्यातून भरा आणि पावत्या जपा. आणि मैत्रीण जे म्हणते की बांद्र्याच्या फॅमिली कोर्टात सात वर्षांच्या ग्राउंडवर घटस्फोट लवकर मिळतो, तर हो, हिंदू विवाह कायद्यात ते ग्राउंड आहे, पण घटस्फोट घेतलात तर उद्या तुम्ही विधवा म्हणून वारस राहत नाही! फ्लॅटचा प्रश्न सुटेपर्यंत तिकडे फिरकूच नका.

उद्या ते खरंच दारात येऊन उभे राहिले तर? हे गृहीतकच आहे, पुराव्याने खोडता येतं, डिक्री बदलून घेता येते, तुमच्यावर कुणी खोटं बोलल्याचा आळ घेऊ शकत नाही कारण तुम्ही खोटं बोललेलाच नसता.

राहिल्या सासूबाई. त्यांना शक्यतो तुमच्यासोबत वादी करा, मुलाची खबर लागली असती तर सगळ्यात आधी आईला लागली असती, त्यामुळे त्यांची साक्ष तुमच्याइतकीच वजनदार, आणि त्या तुमच्या बाजूने उभ्या राहिल्या तर दिरांना बोलायला फारसं उरत नाही. तयार नसतील तर प्रतिवादी कराव्या लागतील, पण समन्स घरी जायच्या आधी तुम्ही स्वतः जाऊन त्यांना सांगा की हे भांडण नाही, त्यांचा हिस्सा पण यातूनच मिळणार आहे. दीर घरी नसताना जा.