‘छान’ घालवायचं असेल तर एक नाही, दोन वस्तू द्या

ताई, तिसरीची मुलं ‘भाकरी छान होती, गड्डा छान होता’ (गड्डा म्हणजे सोलापूरची जानेवारीतली सिद्धेश्वराची जत्रा) एवढंच लिहितात आणि विशेषणांचा तक्ता पाठ करून घेतला तरी फरक नाही, असं तुम्ही म्हणता. तो तक्ता आधी भिंतीवरून उतरवा. पाठ केलेलं ‘सुंदर, मोहक, रम्य’ मुलं दिसेल तिथे चिकटवतात, मग भाकरीसुद्धा रम्य होते.

हातात एकच वस्तू असली की ‘छान’वर भागतं, कारण फरक सांगावाच लागत नाही. म्हणून जवळजवळ सारख्या दोन वस्तू द्या. सोलापुरात त्या घरोघरी आहेत: ताजी ज्वारीची भाकरी आणि कडक भाकरी, कच्चे शेंगदाणे आणि भाजलेले, कोरी चादर आणि धुऊन धुऊन विरलेली. (शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी कुणाला आहे का, हे पालकांना आधी विचारा.)

एका तासाला एकच जोडी, गटात 5-6 मुलं. पहिली 10 मिनिटं वही बंद. डोळे मिटून चादरीवरून हात फिरवायचा, भाकरी कानाशी धरून मोडायची. मूल म्हणेल ते जसंच्या तसं फळ्यावर: ‘खरखरीत’, ‘टोचतीय’, ‘आज्जीच्या लुगड्यासारखी’. इथे शब्द सुधारायला गेलात की मुलं गप्प बसतात. मग 3 वाक्यं लिहायची. ‘छान’ आणि ‘मस्त’ला बंदी, एका वाक्यात फार तर 2 विशेषणं.

वासाला अडतील. खमंग, कुबट, उग्र झालं की संपलं. तिथे ‘कशासारखा वास?’ एवढंच विचारा. आवाजाचं मात्र उलट, मराठीत नादशब्दांची चंगळ आहे. ‘कडक भाकरी कटकन मोडली’ यातलं ‘कडक’ पुसून दाखवा. कडकपणा तरीही ऐकू येतो. विशेषण कुठे नको, हे मुलांना असंच कळतं.

आता आपल्याकडची खास अडचण. बऱ्याच मुलांच्या घरी तेलुगू किंवा कन्नड. त्या भाषांत नामाचं लिंग बदललं तरी विशेषण बदलत नाही, म्हणून ‘पांढरा चादर’ येतं. उर्दू बोलणाऱ्या घरात विशेषण बदलतं, पण नपुंसकलिंगच नाही. ही चूक निष्काळजीपणाची नव्हे, लाल शाईने जाणार नाही. सुरुवात न बदलणाऱ्या विशेषणांनी करा: मऊ, कडक, खरखरीत, कुरकुरीत, तुरट, खमंग. स्पर्श-चवीचे बरेच शब्द सुदैवाने असेच आहेत. ते रुळले की ‘कोरा टॉवेल, कोरी चादर, कोरं कापड’ तोंडी म्हणून घ्या. ‘कोऱ्या चादरीवर’ हे सामान्यरूप त्याच्याही नंतर.

गड्ड्यावरचा निबंध जानेवारीतच घ्या, पाळण्याची करकर कानात आहे तोवर. जूनमध्ये घेतलात तर पुन्हा ‘छान होता’च येईल.